खिशातला होकार

घड्याळजीने दाजींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दाजी दुकानात शिरत नव्हते; दुकानात शिरण्याविषयी बोलणी करत होते. दार सताड उघडं होतं, आत गिऱ्हाईक एकही नव्हतं, आणि पायरी इतकी बुटकी की कोंबडीलाही ती चढल्यासारखं वाटलं नसतं. तरी हा उंच, कडक इस्त्रीचा, बगलेत फाईल धरलेला गृहस्थ पायरीच्या अलीकडे उभा राहून विचारत होता, "मी आत यावं अशी तुमची अपेक्षा आहे, की आपण बाहेर येता?"

घड्याळजीच्या डोळ्याला भिंग होतं आणि चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग होती. "आत या की," तो म्हणाला.

"म्हणजे निमंत्रण आपल्याकडून आलं, असं धरून चालू ना?"

"धरा."

"आणि मी आत आलो म्हणून पुढच्या बोलण्यात माझी बाजू पडती समजली जाणार नाही?"

घड्याळजी पुढे आयुष्यभर शपथेवर सांगत असे की एवढ्या वेळात समोरच्या दोरीवरचे कपडे वाळले, कोणीतरी ते घड्या घालून नेले, पलीकडच्या इमारतीवर एक मजला चढला आणि त्याच्या चिमट्यातल्या स्प्रिंगला गंज धरला. शेवटी गल्ल्यावर बसलेली त्याची थोरली बहीण मान वर न करता म्हणाली, "अहो, आत या नाहीतर जा, पण उजेड अडवू नका. त्याला दिसत नाहीये."

गृहस्थ तत्काळ आत आला. काहीही न देता तिने पहिल्याच वाक्यात आपलं म्हणणं मान्य करून घेतलं, हे तो पुढे लग्नानंतरही कौतुकाने सांगायचा. कारण त्या दोघांचं लग्न झालं. म्हणूनच त्याला इथे पहिल्यापासून दाजी म्हटलं आहे.

दाजी परराष्ट्र खात्याच्या मोठ्या सभागृहात कामाला होते. दोन देशांची माणसं बोलायला बसणार असली की खुर्च्या मांडायच्या, नावाच्या पाट्या लावायच्या, पाण्याचे ग्लास सारख्या अंतरावर ठेवायचे आणि मग भिंतीला पाठ लावून, स्वतः भिंत असल्यासारखं उभं राहायचं. त्या दिवशी दुकानात मात्र त्यांचं काम वेगळंच होतं.

"मला असं घड्याळ पाहिजे," ते म्हणाले, "जे वेळेवर बंद पडेल."

घड्याळजीने भिंग काढलं. त्याच्या वडिलांचा आणि त्याचा असा दोघांचा जन्म बंद पडलेली घड्याळं चालू करण्यात गेला होता. कसायाकडे जाऊन जनावराला ताकदीचं औषध मागावं तशीच, पण उलट्या दिशेची, ही मागणी त्याला वाटली.

दाजींनी समजावून सांगितलं. दोन देशांची बोलणी अमुक दिवशी सहा वाजेपर्यंत संपलीच पाहिजेत, असं आधी ठरलेलं असतं. सहा वाजायला येतात आणि काहीच जमलेलं नसतं. मग सहाला पाच मिनिटं कमी असताना घड्याळ बंद करतात. खोलीतले सगळे त्याच्याकडे बघून मान डोलावतात आणि बोलणी पुढे चालू. अंधार पडतो, कधी दुसरा दिवस उजाडतो. पण त्या खोलीत सहा वाजलेलेच नसतात. आजवर दाजी स्टुलावर चढून हाताने लंबक धरायचे. पण परवा एका पाहुण्या मंडळाला ते दृश्य अशोभनीय वाटलं.

"म्हणजे एवढी शिकलेली माणसं," घड्याळजी म्हणाला, "घड्याळाला फसवतात?"

"घड्याळाला कोण फसवतंय? सगळे मिळून त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. त्याला एकमत म्हणतात."

घड्याळजीने पडद्यामागून ओढायची एक तार आणि लंबक अडवणारा एक खटका करून दिला. त्यानंतर त्या घड्याळाला तेल घालावं का, हे विचारायला दाजी आठवड्यातून दोनदा येऊ लागले. घड्याळाला एवढं तेल लागत नाही, हे घड्याळजीला माहीत होतं. ताईलाही माहीत होतं. बरेच महिने तेल विचारून झाल्यावर एक दिवस दाजी गल्ल्यासमोर उभे राहून म्हणाले, "दोन्ही बाजूंना मान्य होईल असं काही निघत असेल, तर माझी त्याला हरकत नसावी."

"हे लग्नाचं चाललंय का?" ताईने विचारलं.

"मी तो शब्द वापरलेला नाही. पण आपण वापरलात तर मी त्याचा निषेध करणार नाही."

"माझं हो आहे," ताई म्हणाली. "तुमचं आलं की कळवा."

ते कधी आलं हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. लग्न मात्र झालं.

सभागृहात भिंत होऊन उभं राहता राहता दाजींच्या कानावर फार मोठमोठ्या माणसांचे धडे पडले होते. एक म्हातारे राजदूत होते, समोरचा बोलू लागला की ते कानातलं यंत्र बंद करायचे आणि त्याचं संपलं की चालू करून म्हणायचे, "आपल्या भावना पोचल्या." दुसरे एक होते, ते बैठकीआधी भरपेट जेवायचे आणि पाण्याला शिवायचे नाहीत, समोरच्या मंडळींना भूक लागली की यांना सवलती मिळायच्या. आणि सगळ्यांच्या वर होत्या बाईसाहेब. त्या काहीच बोलायच्या नाहीत. समोरच्याने आपली मागणी मांडली की त्या त्याच्याकडे मायेने बघत बसायच्या. दोन मिनिटं, पाच मिनिटं. मग समोरचा घाबरून आपणच आपली मागणी कमी करायचा. एकदा त्यांनी अशा नुसत्या बघण्यातून मासेमारीचा अख्खा पट्टा मिळवला होता.

या सगळ्यांचं सार दाजी घड्याळजीला दुकानात बसून सांगायचे. पहिला आकडा आपण बोलायचा नाही. नाही कधीच म्हणायचं नाही, आणि हो शेवटपर्यंत म्हणायचं नाही. ज्याला घाई, त्याची हार. आपला होकार खिशात ठेवायचा आणि शेवटच्या मिनिटाला बाहेर काढायचा. तोवर समोरच्याला खिसा आहे हेसुद्धा कळू द्यायचं नाही.

बाईसाहेब निवृत्त झाल्या त्या दिवशी दाजी त्यांची खुर्ची मागे ओढायला गेले. तेव्हा त्या हातमोजे घालता घालता म्हणाल्या होत्या, "तुम्ही इतकी वर्षं मागे उभे राहून ऐकलंत, म्हणून सांगते. मी जेवढे होकार राखून ठेवले, त्यातले निम्मे अजून माझ्याकडेच आहेत." हेही दाजींनी घड्याळजीला सांगितलं आणि वर म्हणाले, "काय तो विनय. मोठी माणसं अशीच असतात."

आता असा माणूस घरात म्हटल्यावर काय होणार. आज भाजी कोणती करू, असं ताईने विचारलं की दाजी म्हणत, "तुझा काय प्रस्ताव आहे?" पंखा घ्यायचा ठरला तो थंडी सुरू झाल्यावर आला, कारण दाजी दुकानदाराकडे मायेने बघत बसले होते आणि दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. आळीत त्यांना 'महामहीम' म्हणू लागले. घड्याळजीची बायको तर तोंडावरच म्हणायची, आणि दाजींना ते आवडायचं. ताई हसायची. सुरुवातीची बरीच वर्षं ती खरोखर हसायची. दुकानात येऊन नवऱ्याची नक्कल करून दाखवायची, आणि ती इतकी हुबेहूब असायची की तिचं या माणसावर प्रेम आहे हे आंधळ्यालाही दिसावं.

त्यांना मूल झालं नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि मग एक दिवस ताई म्हणाली, "आपण मूल दत्तक घेऊ या."

दाजी म्हणाले, "तत्त्वतः मान्य."

ताईला वाटलं, झालं. ती आनंदाने दुकानात सांगत आली. घड्याळजीच्या बायकोने तिला मिठी मारली. फक्त घड्याळजी गप्प राहिला, कारण 'तत्त्वतः मान्य' म्हणजे काय हे त्याने दाजींकडूनच ऐकलं होतं. सभागृहात एक करार तत्त्वतः मान्य झाल्याला अठरा वर्षं झाली होती. ज्या पुलाबद्दल तो होता त्याचे दोन्ही काठ आता वाहून गेले होते.

मग तपशील आले. मुलगा की मुलगी, केवढं, घरात झोपेल कुठे, मोठं झाल्यावर खरं कधी सांगायचं. प्रत्येक प्रश्न दाजी चांगला विचारायचे आणि उत्तर आलं की पुढचा काढायचे. ताई रविवारी रविवारी मुलं दत्तक देणाऱ्या एका संस्थेत जाऊ लागली. तिथली चार वर्षांची एक मुलगी ताईच्या मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बसायची. मनगट दूर गेलं की टिकटिक तोंडाने करायची.

संस्थेची वयाची अट होती. आई होऊ पाहणारी बाई पंचेचाळीस पूर्ण व्हायच्या आत नवरा-बायको दोघांनी समक्ष येऊन सह्या करायच्या. ताईचा तो वाढदिवस दोन महिन्यांवर आला, तेव्हा तिने एका बॅगेत कपडे भरले आणि ती भावाकडे आली.

"भांडण झालं का?" घड्याळजीने विचारलं.

"त्यांच्याशी भांडायला आधी त्यांचं काहीतरी म्हणणं पाहिजे ना," ताई म्हणाली. "मी सांगून आलेय. इथे या, हो म्हणा, माझ्याबरोबर संस्थेत चला. तिथूनच मी घरी येते. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पाचला त्यांचं ऑफिस बंद होतं. त्यानंतर यायची गरज नाही."

घड्याळजीने हा निरोप स्वतः जाऊन दाजींना दिला. त्याला वाटलं, दाजी हादरतील. दाजी उठून उभे राहिले, त्यांचे डोळे चमकले, आणि ते म्हणाले, "म्हणजे बोलणी सुरू झाली."

बैठक दुकानामागच्या खोलीत ठरली. तिथे एक चौकोनी टेबल होतं, भिंतीला लावलेलं. दाजींनी ते पाहून मान हलवली. भिंतीमुळे एका बाजूला बसताच येत नव्हतं, आणि उरलेल्या तीन बाजूंमधली एक मोठी होती. तिथे जो बसेल तो वरचढ दिसणार. पहिल्या रविवारी यावरच चर्चा झाली. दुसऱ्या रविवारी दाजींनी हातगाडीवरून एक गोल टेबल आणलं. सभागृहात ते मोडीत निघालं होतं. दारातून ते शिरेना. पाय काढले, आडवं केलं, तिरकं केलं, घड्याळजीचं बोट चेमटलं, आणि शेवटी ते आत जाऊन खोलीच्या मधोमध बसलं तेव्हा खोलीत दुसरं काही उरलं नाही.

"आता आम्ही झोपायचं कुठे?" घड्याळजीची बायको म्हणाली. "अजेंड्यावर?"

"वहिनी, तात्पुरती व्यवस्था आहे," दाजी म्हणाले.

"तुमचं तत्त्वतः आणि तुमचं तात्पुरतं, दोन्ही एकाच लांबीचं असतं हो, महामहीम."

तिसऱ्या रविवारी मुद्दे ठरवायचे होते. ताई म्हणाली, "माझा एकच मुद्दा आहे."

"एक मुद्दा फार धोक्याचा असतो," दाजी कळकळीने म्हणाले. "एकच असला की कोणीतरी एक हरतो. निदान तीन हवेत." मग त्यांनी स्वतःच दोन घातले: गॅलरीतली कपड्यांची दोरी कोणत्या उंचीवर असावी, आणि झोपताना दिवा कोणी बंद करावा. त्या दिवशी दोरीवर तासभर बोलणं झालं आणि दाजींनी ती ताईला हव्या त्या उंचीवर मान्य केली. निघताना पायरीवर ते घड्याळजीच्या कानात म्हणाले, "आता ती जिंकत आली आहे. तिचं मन मोकळं होईल."

ताईचं मन कसलं मोकळं व्हायला. ती दोरी तिची तीच बारा वर्षं हव्या त्या उंचीवर बांधत होती.

चौथ्या रविवारी दाजींनी बाईसाहेबांचा धडा काढला. ताईने विचारलं, "हो की नाही?" आणि दाजी तिच्याकडे मायेने बघत बसले. पण ताई काही मासेमारीवाल्यांच्या मंडळातली नव्हती. तिने मटारच्या शेंगांची परात पुढे ओढली आणि सोलायला घेतल्या. ती सोलतेय, ते बघताहेत. पुढच्या दुकानातली सगळी घड्याळं मागेपुढे ठोके देत राहिली. घड्याळजीच्या बायकोने तीनदा चहा केला. शेंगा संपल्या, तेव्हा ताईने टरफलं गोळा केली आणि ती उठली.

"छान झाली बैठक," दाजी म्हणाले.

घड्याळजी त्यांना पोचवायला पायरीपर्यंत आला. तीच पायरी. तिथे दाजींनी इकडेतिकडे पाहिलं. खरी बोलणी खोलीत होत नाहीत, बाहेरच्या व्हरांड्यात होतात, हाही एक धडा होताच.

"मेव्हणे, तुम्हाला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "माझा होकार आहे."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून आहे. ती बोलली त्या रात्री मी झोपलो नाही, एवढा मला आनंद झाला होता. मुलगीच आणू. मी संस्थेच्या फाटकापर्यंत जाऊन आलोय दोनदा. त्या घड्याळ ऐकणाऱ्या पोरीला पाहिलंय लांबून."

घड्याळजी पायरीवर बसलाच. "मग सांगा ना तिला. आत्ता सांगा. मी हाक मारतो."

"हळू बोला." दाजींनी त्याचा दंड धरला. "आज दिला तर त्याची किंमत काय? सहज मिळालेला होकार कोणाच्या लक्षात राहतो? शेवटच्या मिनिटाला दिलेला माणूस जन्मभर जपतो. मी हे पाहिलंय, मेव्हणे. डोळ्यांत पाणी येतं लोकांच्या. एकमेकांना मिठ्या मारतात." ते थोडे थांबले. मग वेगळ्याच, भिंतीला न टेकलेल्या आवाजात म्हणाले, "आणि एकदा दिला की माझ्याकडे काय उरतं? या चार रविवारांत ती माझ्यासमोर जेवढी बसली, तेवढी गेल्या चार वर्षांत बसली नव्हती."

दाजींनी त्याच्याकडून शब्द घेतला. मध्यस्थाने निरोप पोचवायचा असतो, गुपित नाही.

आत आल्यावर ताईने विचारलं, "काय म्हणत होते पायरीवर?"

आणि घड्याळजी, ज्याने उभ्या जन्मात गिऱ्हाइकालासुद्धा कधी खोटी वेळ सांगितली नव्हती, तो म्हणाला, "आपल्या भावना पोचल्या, म्हणाले."

त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हालाही लागण झाली," ती म्हणाली. घड्याळजीला राग आला नाही. उलट, काहीतरी मोठं आपल्या हातात आहे असं वाटून त्याची मान जरा ताठ झाली. पुढचे रविवार तो बैठकीला धुतलेला शर्ट घालून बसला. ग्लाससुद्धा सारख्या अंतरावर ठेवू लागला.

शेवटचा दिवस कामाचा होता. ताई सकाळपासून इस्त्रीचे कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन गोल टेबलाशी बसली होती. दाजींनी तीनची वेळ मागितली होती आणि ते ठोक्याला आले. नवा टाय होता. घड्याळजीला त्यांच्या छातीवरच्या खिशाकडे बघवेना. जणू होकार तिथून रुमालासारखा डोकावत होता.

दिव्याचा मुद्दा राहिला होता. तो दाजींनी घेतला. दिवा आळीपाळीने बंद करावा असं सुचवलं, मग रविवारचं काय असं विचारलं. ताई प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणत होती. संस्था शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, बसने वीस मिनिटं. चार वाजले. घड्याळजीने दाजींना डोळ्यांनी खुणावलं. दाजींनी डोळ्यांनीच धीर दिला: आहे माझ्या लक्षात.

खरोखरच त्यांच्या लक्षात होतं. सव्वाचारला होकार काढायचा, साडेचारची बस धरायची, पाचच्या आत सह्या. एका मिनिटाचीही उधळपट्टी नाही. सगळं त्यांनी आखून आणलं होतं. सव्वाचार होत आले. दाजी उठले. आता बोलणार, म्हणून घड्याळजीने श्वास रोखला.

दाजींनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर चढले, भिंतीवरच्या घड्याळाची काच उघडली आणि लंबक धरला.

त्यांनी हे ठरवून केलं नव्हतं, हे घड्याळजी आजही सांगतो. तीस वर्षं बोलणी ऐन वेळेवर आली की हा माणूस उठून घड्याळ बंद करत आला होता. पाय आपोआप उठले, हात आपोआप गेला. आणि लंबक थांबल्याबरोबर त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. ते खाली उतरले, खुर्चीत टेकून बसले, पाणी प्यायले. इतक्या आठवड्यांत त्यांनी पहिल्यांदाच त्या टेबलावर पाण्याला हात लावला होता.

"आता निवांत बोलू," ते म्हणाले.

ताई म्हणाली, "ते घड्याळ माझ्या भावाचं आहे. संस्थेचं नाही."

"हो हो," दाजी म्हणाले, आणि त्यांनी होकार काढला. पण तो काही सुटा होकार नव्हता. इतकी वर्षं खिशात राहून त्याला प्रस्तावना फुटली होती. उभयपक्षांमधल्या दीर्घ आणि स्नेहपूर्ण संबंधांची जाणीव ठेवून, मधल्या काळातल्या मतभेदांकडे उदार दृष्टीने पाहून, येणाऱ्या पिढीच्या हिताचा विचार करून. दाजींचा आवाज भरून आला होता, डोळे ओले झाले होते, आणि वाक्य काही क्रियापदाशी येत नव्हतं. घड्याळजी मधेच ओरडला, "अहो, हो म्हणताहेत ते, ताई. पहिल्यापासून हो आहे. ऊठ."

ताईने आधी नवऱ्याकडे पाहिलं नाही. भावाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?" एवढंच म्हणाली आणि पर्स घेऊन निघाली.

साडेचारची बस गेली होती. पुढची आली ती प्रत्येक थांब्यावर बोलणी करत गेली. संस्थेच्या फाटकाशी ते तिघं पोचले तेव्हा ऑफिसातल्या बाई कुलूप लावत होत्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. दम लागलेली माणसं पाहून त्यांनी कुलूप उघडलं, दिवा लावला, कॉम्प्युटर चालू केला.

"आजची तारीख बंद झाली हो," त्या म्हणाल्या. "पाचला आपोआप होते. उद्याची उघडतेय, उद्याच्या तारखेला घालू का?"

"उद्या माझा वाढदिवस आहे," ताई म्हणाली.

"अरे वा. शुभेच्छा," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचं लक्ष कागदावरच्या जन्मसालाकडे गेलं आणि त्यांनी कीबोर्डवरचे हात मागे घेतले.

दाजी भिंती न्याहाळत होते. चारही भिंतींवरून त्यांची नजर फिरून आली. "आपलं घड्याळ कुठे असतं?" त्यांनी विचारलं.

"इथे," बाईंनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "आत."

"ते कोणाच्या हातात असतं?"

"कोणाच्याच नाही."

दाजींनी बाईंकडे मायेने पाहायला सुरुवात केली. बाईही पाहत राहिल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी दिवा बंद केला.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीशी बसली, दाजी तिच्या शेजारी, घड्याळजी मागे. बराच वेळ कोणी बोललं नाही, आणि हे गप्प बसणं कोणाच्याच कामाचं नव्हतं. मग दाजी म्हणाले, "पण होकार मी दिला होता, हे तू मान्य करशील."

"हो," ताई म्हणाली. "नोंद घेतली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली. घड्याळजीची बायको दारात आडवी उभी राहिली. "कशाला जाताय परत त्या माणसाकडे?"

"आता तिथे काय अडचण आहे?" ताई म्हणाली. "मागण्यासारखं काही उरलं नाही, भांडायचं कशावर? आणि तुमच्याकडे ते टेबल आहे. तुम्ही दोघं दीड महिना भिंतीला चिकटून झोपताय, मला दिसत नाही का?"

घड्याळजीने तिला पायरीपर्यंत पोचवलं. त्याला पुष्कळ काही बोलायचं होतं. तो म्हणाला, "ताई, तुझं घड्याळ ठेवून जा. काच बदलून देतो." तिने मनगट मागे घेतलं. "चालतंय," ती म्हणाली.

दाजी दोन वर्षांनी निवृत्त झाले. त्यांच्या निरोप समारंभात एका मोठ्या अधिकाऱ्याने त्यांचं कौतुक केलं की यांच्या उपस्थितीत एकही बैठक मोडली नाही. हे खरंच होतं. घरीही मोडली नाही. ताई त्यांना विचारते, भाजी कोणती करू, आणि ते आता लगेच सांगतात. ती तीच करते. दिवा आळीपाळीने बंद होतो. नक्कल करायची तिने सोडून दिली.

ती मुलगी पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका जोडप्याकडे गेली.

गोल टेबल घड्याळजीकडेच राहिलं होतं. ते भिंतीला लागत नाही आणि त्याचा एक पाय डुगडुगतो, म्हणून गेल्या वर्षी त्याने ते भंगारवाल्याला दिलं.